बिल्ल्याची पिन

काल रात्री उशिरा गावी पोचलो. सकाळी पाहतो तर पडवीतल्या खिडकीचा पडदा उडू नये म्हणून त्याला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला टोचलेला. नानांचा. आईला विचारलं तर म्हणाली, "पिन बरी आहे त्याची. बाजारातल्या वाकतात."

दिवसभर काही सुचलं नाही. एवढं लागण्यासारखं काय होतं त्यात?

१९८०च्या कांदा-उसाच्या आंदोलनात नाना हाच बिल्ला सदऱ्याला लावून रस्त्यावर बसले, तुरुंगात जाऊन आले. आमच्या घराण्यातला एकुलता एक पराक्रम. संघटना काढणाऱ्या शरद जोशींचं, म्हणजे साहेबांचं, सगळं मला नानांकडूनच पाठ. साहेबांनी स्वित्झर्लंडमधली, बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडली, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू रान घेतलं, बियाणं-खत-मजुरीचा हिशेब मांडला, आणि कितीही राबलं तरी बाकी उणेच येते हे स्वतःच्या वहीत पाहिलं. माणूस हिशेबातून आंदोलनात आला, याचं नानांना फार कौतुक. आमच्या घरी हिशेब कुणी ठेवलाच नाही. भीतीनं.

आणि मी रोज कंपनीच्या बसनं त्याच आंबेठाण चौकातून जातो. साहेब नोकरी सोडून शेती करायला आले तिथं, शेती सोडून नोकरी करायला. बसमध्ये सांगणार कुणाला, सगळे झोपलेले असतात.

पिन बरी आहे म्हणे!

आई स्वतः १९८६ला संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती, मला कडेवर घेऊन. पुढे लक्ष्मीमुक्तीत, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करायच्या साहेबांच्या मोहिमेत, नानांनी दीड एकर तिच्या नावावर केलं. म्हणजे त्या बिल्ल्यावर माझ्यापेक्षा तिचाच हक्क जास्त. हे कळतं. राग तरी जात नाही. मी तो एकदाही लावलेला नाही, हे मात्र आत्ता लिहिताना आठवलं.

नाना शेवटी शेवटी रुसलेच होते साहेबांवर. मतं मागायला आलो तर जोड्यानं मारा म्हणणाऱ्या माणसानं पक्ष काढला, निवडणूक लढवली, पडला, २००४ला राज्यसभेत गेला. तिथवर नानांनी सांभाळून घेतलं. पण ९ मार्च २०१०ला महिला आरक्षणाच्या विधेयकावर १८६ विरुद्ध १, आणि तो एक म्हणजे साहेब! ज्यांच्या शब्दावर बायकोच्या नावानं जमीन केली, ते. नाना टीव्ही बंद करून रानात निघून गेले. आई हसली होती, "एकटा का होईना, मनातलं बोलला ना."

बिल्ला पेटीत गेला तो बहुधा तेव्हाच. मी विचारलं नाही. नानांना बरंच काही विचारलं नाही.

म्हणजे टाकला त्यांनी, बाहेर काढला आईनं, आणि रुसून बसलोय मी.

संध्याकाळी दुकानातून बारा पिनांचं पाकीट आणलं. पहिलीच वाकली. दुसरी पण. पडद्याचं कापड जाड आहे. गुपचूप बिल्ला होता तिथं परत लावला.

आई चुलीपाशी होती. पाहिलं नाही असं दाखवलं तिनं.