हॉटेल ते विमानतळ, शेअर्ड शटलनं: चाळीस मिनिटांचा रस्ता, एक तास एक्केचाळीस मिनिटं

बुकिंगच्या कागदावर गाडीची वेळ होती ५:३० ते ५:४५. ५:४५ झाले तेव्हा मी हॉटेलच्या पोर्चमध्ये उभी होते, आई आत सोफ्यावर बसली होती, तिच्या पायाशी आमच्या चार बॅगा होत्या आणि रस्त्यावर गाडीचा पत्ता नव्हता. विमान ९:४० चं. घाबरायची वेळ अजून आली नव्हती, तरी पोटात गोळा आलाच. शहर परकं, तिथली भाषा जेमतेम चार वाक्यांची आणि सोबत गुडघ्यांनी बेजार झालेली बहात्तर वर्षांची आई.

गाडी ५:५२ ला आली. आम्ही आमच्या टर्मिनलच्या दारात उतरलो तेव्हा ७:३३ झाले होते. हाच रस्ता टॅक्सीनं चाळीस मिनिटांचा आहे. विमान मिळालं, बॅगा पोहोचल्या, सगळं नीट झालं. पण या गाड्या कशा चालतात हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर आदल्या रात्री मी शांत झोपले असते. तुम्हाला ती झोप मिळावी म्हणून हे सगळं तपशिलानं लिहिते आहे.

आधी एक घोळ मिटवते. ‘शटल’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गाड्या येतात. पहिली हॉटेलची स्वतःची. विमानतळाजवळच्या हॉटेलांकडे ती असते, बहुधा फुकट असते आणि ठरावीक वेळांना सुटते. दिवसा तिच्या फेऱ्या नियमित असतात, पण रात्री आणि पहाटे बऱ्याच ठिकाणी ती फक्त मागितली तरच निघते. त्यासाठी आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर नाव नोंदवावं लागतं. ‘हॉटेलची शटल आहे’ एवढ्यावर विसंबून पहाटे खाली उतरलात आणि त्या फेरीच्या सगळ्या जागा आधीच भरलेल्या असल्या, तर रिसेप्शनवरचा माणूस हळहळण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही.

दुसरी गाडी बाहेरच्या कंपनीची. साधारण आठ-दहा सीटांची व्हॅन शहराच्या एका भागातल्या तीन-चार हॉटेलांवरून माणसं गोळा करते आणि मग विमानतळाकडे निघते. पैसे माणशी लागतात. आमची ही होती. अमेरिकेत निळ्या व्हॅनच्या ‘सुपरशटल’नं १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमधून हा धंदा सुरू केला आणि तो देशभर नेला. पुढे मोबाइलवर बोलावता येणाऱ्या टॅक्सी आल्या आणि २०१९ च्या अखेरीस त्या व्हॅन थांबल्या. ही पद्धत मात्र जगात अजून ठिकठिकाणी चालू आहे, कारण एकट्या किंवा दुकट्या माणसाला ती खरंच परवडते. तिचं सगळं गणित सीटा भरण्यावर आहे, आणि एवढं लक्षात घेतलं की गाडीचं बाकीचं वागणं आपोआप उलगडतं.

वेळ ‘५:३० ते ५:४५’ अशी पट्ट्यात का दिली जाते, तेही त्यातूनच कळतं. आपल्या आधीच्या हॉटेलवर कुणी दोन मिनिटं उशिरा उतरलं तर ती दोन मिनिटं आपल्याकडे येतात, आपण लावलेली पुढच्या हॉटेलवर जातात. म्हणून त्या पट्ट्याच्या सुरुवातीलाच बॅगांसकट खाली असायचं. आणि पट्टा संपला की लगेच हवालदिल व्हायचं नाही, पाच-दहा मिनिटं धरून चालायची. उलट बाजू कडक असते. आमच्या बुकिंगवर स्पष्ट लिहिलं होतं की गाडी पाच मिनिटं थांबेल, नंतर निघून जाईल आणि पैसे परत मिळणार नाहीत. ही अट बारीक अक्षरात असते, पण ती वाचायला हवी.

आता हिशेब. मी पहिल्यांदा तो गाडीच्या वेळेपासून पुढे करत होते: पावणेसहाला निघू, चाळीस मिनिटं लागतील, साडेसहाला पोहोचू. शेअर्ड गाडीत असा हिशेब चालत नाही. तो काउंटर बंद होण्याच्या वेळेपासून मागे यायला हवा. आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या एक तास आधी बंद करतात. आमचं ८:४० ला बंद होणार होतं. बॅग द्यायच्या रांगेला पाऊण तास धरला, म्हणजे ७:५५. सरळ रस्त्याची चाळीस मिनिटं वजा केली की सव्वासात. मग आपल्यानंतरच्या प्रत्येक हॉटेलची पंधरा मिनिटं आणि आपल्या आधीच्या प्रत्येक टर्मिनलची दहा मिनिटं वजा करायची. आमच्यानंतर दोन हॉटेलं होती आणि आधी एक टर्मिनल, म्हणजे आणखी चाळीस मिनिटं. ६:३५ आले. कंपनीनं दिलेली वेळ त्याच्या तासभर आधीची होती. हे आकडे कागदावर मांडल्यावर मी सावरले. तुमच्या हिशेबात असा तास शिल्लक राहत नसेल, अर्ध्या तासाच्या आतच सगळं येत असेल, तर आधीची गाडी मागा किंवा सरळ टॅक्सी करा.

आपल्यानंतर किती हॉटेलं आहेत हे विचारल्याशिवाय कळत नाही. मी आदल्या दिवशी फोन करून विचारलं आणि त्यांनी सांगितलं. त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली, हॉटेलचं पूर्ण नाव आणि पत्ता. मोठ्या साखळीतल्या हॉटेलांच्या एकाच शहरात पाच-सहा शाखा असतात आणि नावांत एखाद्याच शब्दाचा फरक असतो. दुसरी, कोणता विमानतळ. टोकियोचं हानेदा आणि नारिता, लंडनचं हीथ्रो आणि गॅटविक, बँकॉकचं सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग ही वेगवेगळ्या दिशांची ठिकाणं आहेत. नारिता तर शहराच्या मध्यापासून साधारण साठ किलोमीटरवर आहे. शहराचं नाव सांगून भागत नाही, तिकिटावरचा तीन अक्षरी कोड सांगायचा. तिसरी, बॅगा. आमच्या तिकिटात माणशी एक मोठी आणि एक लहान बॅग धरलेली होती. व्हीलचेअर, लहान मुलाची गाडी, एखादं वाद्य असं काही असेल तर ते आधी सांगितलं नाही तर डिकीत जागाच नसते. मुलासाठी वेगळी सीट हवी असेल तर तीही मागून घ्यावी लागते.

आईला व्हीलचेअर लागते ती विमानतळावर, आणि ती विमान कंपनीकडून मिळते. शटलवाल्यांचा तिच्याशी संबंध नसतो. ती साधारण ४८ तास आधी कळवायची असते. मी तिकीट काढतानाच कळवली होती, तरी आदल्या दिवशी पुन्हा फोन केला. म्हाताऱ्या माणसाला घेऊन शटलनं जाणार असाल तर हे विसरू नका, कारण गाडी टर्मिनलसमोर सोडून लगेच निघून जाते आणि दारापासून काउंटरपर्यंतचं अंतर आपलं आपल्यालाच कापायचं असतं.

अजून एक लहानशी गोष्ट, पण ती विमान घालवू शकते. युरोपातल्या बहुतेक देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं तासभर पुढे जातात. अमेरिकेच्या बहुतेक भागांत हे मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतं. ज्या देशात असा बदल नसतो तिथून गेलेल्या माणसाच्या हे ध्यानीमनीही नसतं. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, पण उशाशी ठेवलेलं घड्याळ बदलत नाही. रविवारी पहाटेची गाडी असेल तर रिसेप्शनवर विचारून घ्या.

आता आमच्या सकाळकडे. पोर्चमध्ये उभं राहून पाच मिनिटं झाल्यावर मी आत जाऊन रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं आणि बरं झालं विचारलं. तिनं सांगितलं की या व्हॅन पोर्चमध्ये येतच नाहीत, वळण अरुंद आहे. त्या बाजूच्या रस्त्यावर, सामान उतरवायच्या दारापाशी थांबतात. ‘हॉटेलवरून पिकअप’ याचा अर्थ हॉटेलचं मुख्य दार असा धरू नका. आदल्या रात्री खाली उतरून ती जागा स्वतः बघून या. आम्ही बॅगा ओढत तिकडे गेलो आणि दोनच मिनिटांत गाडी वळणावर दिसली.

ड्रायव्हरच्या हातात नावांची यादी होती. त्यानं आमचं आडनाव विचारायच्या आधी मीच बुकिंग नंबर दाखवला आणि टर्मिनल कोणतं ते विचारलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. एकाच फुटपाथवर दोन कंपन्यांच्या सारख्याच पांढऱ्या गाड्या येतात, आणि घाईत भलत्याच गाडीत बसलेली माणसं मी त्याच सकाळी पाहिली. आमच्यानंतरच्या हॉटेलवर एक जोडपं आमच्या गाडीत चढून बसलं. यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांची गाडी मागेच उभी होती. सामान उतरवून पुन्हा चढवण्यात नऊ मिनिटं गेली.

चौथ्या हॉटेलवर कुणीच नव्हतं. ड्रायव्हर आत गेला, बाहेर आला, फोन लावला. ज्यांना घ्यायचं होतं ते गृहस्थ हॉटेलच्या दुसऱ्या दाराशी अर्ध्या तासापासून ताटकळत होते. गाडीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता आणि ते सारखी सगळ्यांची माफी मागत होते. आई त्यांना मराठीतच म्हणाली, “अहो, होतं असं, बसा.” त्यांना शब्द कळले नसतील, पण ते जरा सैलावले. ६:३८ ला आम्ही शहराबाहेर पडलो.

गाडीत बसताना जागेचाही विचार करा. आईला मी दाराजवळच्या सीटवर बसवलं. मागच्या रांगेत गेलं की प्रत्येक थांब्यावर पुढच्यांना उठवावं लागतं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ते जमत नाही. पासपोर्ट, औषधं, मोबाइल आणि चार्जर असलेली पिशवी मांडीवर. डिकी एकदा भरली की मधलं काही काढता येत नाही. आणि निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, वाटेत गाडी थांबत नाही.

टर्मिनलच्या बाबतीत मी स्वतः चुकता चुकता वाचले. तिकिटावर ज्या कंपनीचं नाव होतं तिची विमानं पहिल्या टर्मिनलवरून सुटतात, आणि मी तेच सांगणार होते. पण आमचं विमान प्रत्यक्षात तिच्या भागीदार कंपनीचं होतं. तिकिटावर फ्लाइट नंबरच्या खाली ‘ऑपरेटेड बाय’ म्हणून जे नाव असतं ते त्या कंपनीचं. चेक-इन तिच्याकडे करायचं असतं आणि टर्मिनलही तिचंच धरायचं. आमचं ते दुसरं निघालं. मोठ्या विमानतळांवर दोन टर्मिनलांमध्ये चालत जाता येण्यासारखं अंतर असेलच असं नाही, आणि शटल एकदा गेली की परत येत नाही. तिकिटावर टर्मिनल छापलेलं असलं तरी आदल्या रात्री विमान कंपनीच्या किंवा विमानतळाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

पहिल्या टर्मिनलवर ७:२० ला गाडी थांबली आणि निम्मी माणसं उतरली. मी आईला “तू बसून राहा” म्हणाले आणि खाली उतरून डिकीपाशी उभी राहिले. आमची काळी बॅग एका तरुणानं उचलून ट्रॉलीवर ठेवलीच होती. त्याची अगदी तशीच दुसरी आत होती. दोघांनाही लगेच कळलं, त्यानं हसून बॅग परत ठेवली. मी गाडीतच बसून राहिले असते तर ती बॅग त्याच्याबरोबर भलत्या देशाला निघाली असती. आपलं टर्मिनल नसलं तरी डिकी उघडली की खाली उतरायचं. बॅगेला एखादी रंगीत फीत बांधा, लांबून ओळखता आली पाहिजे.

गाडी आलीच नाही तर काय करायचं, हे मी आदल्या रात्री ठरवून ठेवलं होतं. सुदैवानं त्याची गरज पडली नाही. पट्टा संपल्यावर पाच मिनिटांनी कंपनीला फोन, ६:०५ पर्यंत गाडी नाही तर रिसेप्शनला टॅक्सी सांगायची. ही वेळ रात्रीच ठरवावी, कारण पहाटे माणूस ‘अजून दोन मिनिटं’ असं म्हणत अर्धा तास घालवतो. फोन केल्याची वेळ आणि टॅक्सीची पावती जपून ठेवा. पैसे परत मागायला त्या लागतात, आणि प्रवास विम्यात विमान चुकल्याचं कलम असेल तर विमा कंपनीही पुरावा मागते. शटलमुळे विमान चुकलं तर विमान कंपनी भरपाई देत नाही. शिवाय परतीचं तिकीट एकत्र काढलेलं असेल तर पहिला टप्पा चुकल्यावर पुढचे सगळे टप्पे रद्द होऊ शकतात. त्या परिस्थितीत काउंटरवर जाऊन लगेच बोला, घरी जाऊन बघू असं म्हणू नका.

तिघं-चौघं एकत्र असाल तर माझ्या मते शटल घेऊच नका. माणशी पैशांची बेरीज टॅक्सीच्या आसपास जाते आणि वेळ दुप्पट लागतो. तान्हं मूल असेल, किंवा ज्याला तासभरापेक्षा जास्त बसवत नाही असं कुणी असेल, तरी नको. एकटं किंवा दोघं असाल, हातात तीन तास असतील आणि सामान बेताचं असेल तर मात्र जरूर घ्या. पुढच्या वेळी दोघीच असलो तर मीही घेईन. फक्त शेवटच्या हॉटेलवरून चढायला मिळेल का, हे आधी विचारेन.

७:३३ ला आमचं टर्मिनल आलं. आईनं चारही बॅगांना हात लावून मोजलं, मगच ड्रायव्हरला जाऊ दिलं. व्हीलचेअर घेऊन येणारा मुलगा दहा मिनिटांत आला, आणि ८:१० ला आमच्या बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या.