डब्लिनवरून परत फिरू नका : कोव्ह ते डेरी

आयर्लंडला गेलेले आपले बहुतेक लोक डब्लिन, मोहरचे कडे आणि गिनेसची ब्रुअरी पाहून परततात. आयरिश माणसं देश सोडून का गेली आणि मागे राहिलेली आपसांत का भांडली, हे बघायचं असेल तर दक्षिणेला कोव्ह आणि उत्तरेला डेरी गाठायलाच हवं.

आधी व्हिसा. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. त्यात बेलफास्ट आणि डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. सीमेवर फाटक नाही की चौकी नाही. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागल्या की देश बदलला समजायचं. पण कोणी अडवत नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. भारतीय पासपोर्टवाल्यांनी ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीमखालीच व्हिसा मागावा, म्हणजे एकावर दोन्हीकडे फिरता येतं. ज्या देशाने व्हिसा दिला तिथे मात्र आधी उतरायचं.

दक्षिणेतल्या कॉर्क शहराहून कोव्ह बंदराला लोकल जाते, अर्ध्या तासाच्या आत. स्टेशनाला लागूनच स्थलांतराचं संग्रहालय आहे आणि बाहेर ॲनी मूर व तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा. 1 जानेवारी 1892 ला न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर, स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, नोंद झालेली ही पहिली प्रवासी. आई-वडील आधीच तिकडे गेलेले. भावांना सांभाळत पोरगी बोटीत बसली. त्या काळी अमेरिकेला निघालेल्या माणसासाठी गावात आदल्या रात्री मयताच्या घरी करतात तसं जागरण करत, कारण तो परत दिसण्याची आशा नसेच.

याच्या मुळाशी 1845 मध्ये बटाट्यावर पडलेला करपा. गरिबांचं पोट एकट्या बटाट्यावर, आणि त्याच वर्षांत धान्य-गुरं इंग्लंडला जातच राहिली. सुमारे 10 लाख माणसं मेली, निदान तितकीच देशाबाहेर गेली. 1841 मध्ये बेटावर 80 लाखांहून जास्त लोक होते; तेवढे अजूनही झालेले नाहीत. डब्लिनला कस्टम हाऊसजवळ नदीकाठी या दुष्काळाचे ब्राँझचे पुतळे आहेत. गर्दी व्हायच्या आत, सकाळी लवकर बघा.

डब्लिनमध्ये किल्मेनम तुरुंग चुकवू नका. तिकीट ऑनलाइन आणि बरंच आधी काढा, दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या उठावाचे 14 जण इथे गोळ्या घालून मारले गेले. जखमी जेम्स कॉनोलीला उभं राहता येईना म्हणून खुर्चीत बसवून. पण मला जास्त बोचलं ते पुढचं. ब्रिटिशांशी केलेल्या तहावरून आयरिशांतच यादवी पेटली आणि नोव्हेंबर 1922 मध्ये इथेच चार तरुणांना स्वतःच्याच आयरिश सरकारने मारलं. त्या यादवीच्या दोन बाजूंतून निघालेले पक्ष थेट 2020 मध्ये एका सरकारात बसले, तेही पंतप्रधानपद आळीपाळीने घेऊन. त्या पंतप्रधानांपैकी एक लिओ वराडकर. वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड.

बेलफास्टला काळ्या टॅक्सीची फेरी घ्या. आयर्लंडशी एक होऊ पाहणाऱ्या कॅथलिकांचा फॉल्स रोड आणि ब्रिटनशी निष्ठा ठेवणाऱ्या प्रोटेस्टंटांचं शँकिल यांच्यामधल्या भिंती अजून उभ्या आहेत, काही फाटकं रात्री बंद होतात. एका बाजूला पॅलेस्टाइनचे झेंडे, दुसऱ्या बाजूला इस्रायलचे. परक्याचं भांडणही वाटून घेतलंय! 12 जुलैच्या आसपास प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज मिरवणुका असतात, बरीच दुकानं बंद असतात. तमाशा बघायचा नसेल तर ते दिवस टाळा.

डेरीला रेल्वेने जा आणि उजवीकडच्या खिडकीशी बसा, समुद्र त्या बाजूला आहे. सतराव्या शतकातल्या तटावरून पूर्ण फेरी मारता येते, फुकट. एका बाजूला खाली बॉगसाइड ही कॅथलिक वस्ती. 30 जानेवारी 1972 ला नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला, 13 जण त्याच दिवशी गेले. मारले गेलेले निर्दोष होते हे सरकारी चौकशीने मान्य करायला 2010 उजाडलं. तटावरूनच पुढे गेलात की खाली फाउंटन ही छोटी प्रोटेस्टंट वस्ती लागते. तिथल्या भिंतीवर लिहिलंय, आम्ही अजून वेढ्यात आहोत, शरण जाणार नाही. तो वेढा 1689 चा, कॅथलिक राजा दुसरा जेम्स याच्या फौजेने प्रोटेस्टंट डेरीला घातलेला.

निघताना एक करा : उत्तरेत मिळालेल्या स्थानिक बँकांच्या पौंडाच्या नोटा तिथेच संपवा. लंडनचे दुकानदार त्या घ्यायला कुरकुरतात.