शून्य बाइटचं भांडण

मराठी विकिपीडियावर 'अलीकडील बदल' नावाची यादी असते. प्रत्येक संपादनापुढे कंसात एक आकडा येतो, मजकूर किती बाइटनं वाढला किंवा घटला याचा. वाढला तर हिरवा, घटला तर लाल. गस्त घालणाऱ्यांचे डोळे लाल आकड्यांना सरावलेले असतात. कुणी अख्खा परिच्छेद उडवला की दोन मिनिटांत कळतं. पण देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. 'तीन' खोडून 'चार' लिहिलं तर चिन्हं तेवढीच राहतात आणि कंसात शून्य येतं. शून्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. १९३० च्या सोलापुरावरच्या मजकुरातलं हे भांडण म्हणूनच बराच काळ कुणाच्या नजरेस पडलं नव्हतं.

सोलापूरकराला हा इतिहास सांगावा लागत नाही. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं, गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मेला गोळीबार झाला. त्यानंतर इंग्रजांचा अंमल शहरातून उठल्यासारखाच झाला, तो थेट १२ मेला मार्शल लॉ पुकारेपर्यंत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. या चौघांचे पुतळे असलेल्या चौकात जायला आमच्याकडे रिक्षावाल्याला नुसतं 'चार पुतळा' म्हटलं तरी पुरतं. वाद एवढाच होता, की शहर तीन दिवस स्वतंत्र होतं की चार?

एका बाजूला जुनं खातं असलेला सदस्य होता. जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस दिलेत, हा त्याचा आधार. समोर नुसता अंकपत्ता, म्हणजे खातं न उघडता लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी दिसणारा आयपी क्रमांक, ना नाव ना गाव. तो 'चार' करायचा, हा 'तीन' करायचा. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही असा इंग्रजी विकिपीडियावर दंडक आहे, आणि खातेवाल्याला तो पाठ होता. तिसऱ्यांदा उलटवून तो थांबायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. बदलांच्या सारांशात धोरणांची नावं एकापुढे एक टाकायचा. नवख्या माणसाला धोरणांनी दडपणारे असे सदस्य आमच्यात खूप आहेत, आणि उत्पात करणाऱ्या पोरांपेक्षा त्यांनी जास्त माणसं पळवून लावलीत असं माझं ठाम मत आहे.

मी प्रचालक नाही. पान सुरक्षित करणं, कुणाला रोखणं माझ्या हातात नाही. ग्रंथालयात नोकरी करतो आणि सोलापूरची पानं सांभाळतो. चर्चा पानावर दोघांनाही लिहिलं, की आधी संदर्भ दाखवा, मग आकडा बदला. अंकपत्त्यावरच्या माणसानं उत्तरात एका वर्तमानपत्राच्या पुरवणीतला लेख दिला. त्यात स्पष्ट 'चार दिवस' होतं. प्रकाशित साधन आहे म्हटल्यावर वाद मिटायला हवा होता.

पण त्या लेखातलं एक वाक्य मला ओळखीचं वाटलं. 'सोलापुर' ऱ्हस्व, आणि मधलं क्रियापद गळालेलं. आमच्या लेखातही ते वाक्य अगदी तसंच होतं. मग लेखाच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या दाखवणारं 'इतिहास' पान उघडलं. शेकडो आवृत्त्यांतून एखादं वाक्य कधी आलं ते शोधायचं तर मधली आवृत्ती उघडायची. वाक्य असेल तर मागच्या अर्ध्यात शिरायचं, नसेल तर पुढच्या, आणि असंच अर्धं अर्धं करत जायचं. मला हे काम मनापासून आवडतं. वाक्य सापडलं ते पुरवणी छापली जाण्याच्या कितीतरी आधीच्या आवृत्तीत, कुठलाही संदर्भ न देता घातलेलं. म्हणजे पुरवणीनं आमचंच वाक्य चुकीसकट उचललं होतं, आणि आता तीच पुरवणी आमच्या वाक्याचा पुरावा म्हणून उभी होती. पत्रकारानं एक फोन केला असता, ग्रंथालयात एक चक्कर मारली असती, तर हे झालं नसतं.

हे सगळं मी चर्चा पानावर मांडलं. त्यावर त्या माणसानं लांबलचक ओळ लिहिली आणि शेवटी स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. नंबर जगाला दिसू नये म्हणून तो आधी काढला, जुन्या आवृत्तीतूनही लपवण्याची विनंती केली, आणि मग फोन लावला.

ते सोलापुरातल्या पूर्व भागातले, म्हणजे तेलुगू भाषकांच्या वस्तीतले एक काका निघाले. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातच आले, प्लास्टिकच्या पिशवीत एक वही घेऊन.

"चार दिवस होते ओ सर. तुम्ही लोकं तीन का करायलाव?"

"काका, मी नाही करत. पण पुरवणीचा आधार चालणार नाही."

"पुरवणी राहू द्या. हे बघा."

त्यांचे आजोबा गिरणीत होते. वही हजेरीची आणि मजुरीची, तेलुगू लिपीत. काकांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. रोजची एक ओळ, तारीख, पुढे रक्कम. मे महिन्यात ९, १०, ११ आणि १२ या तारखांपुढे रक्कम नाही, फक्त शाईची आडवी रेघ. कागद कडेनं तपकिरी झालाय, पण रेघा ठळक आहेत. हा मुद्दाम बनवलेला पुरावा नव्हता. एका मजुराचे बुडालेले रोज होते ते.

आणि मला ती वही घेता येत नव्हती. अप्रकाशित कागद, त्यावरून आपणच काढलेला निष्कर्ष, म्हणजे मूळ संशोधन. विश्वकोशात ते बसत नाही. शिवाय चार दिवस काम नव्हतं याचा अर्थ चार दिवस स्वराज्य होतं असा होत नाही. हे मी काकांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पेपरवाल्यानं तुमचं बघून लिहिलेलं चालतंय, आणि माझ्या आजोबानं लिहिलेलं चालत नाही?"

दोन्ही चालत नाहीत, हे माझं उत्तर खरं होतं. पण पुरवणीची लबाडी मला दिसली ती केवळ एका गळालेल्या क्रियापदामुळे. वाक्य शुद्ध असतं तर ती पुरवणी आज तळटीप म्हणून बसली असती आणि वही पिशवीत परत गेली असती. नियम मला मान्य आहे, त्याच्याविना सगळा विश्वकोश ऐकीव गोष्टींनी भरून जाईल. तरीही काकांच्या प्रश्नानं माझी पाठ सोडलेली नाही.

आता लेखात दिवसांची संख्याच नाही. ८ मेचा गोळीबार आणि १२ मेचा मार्शल लॉ, एवढ्या तारखा आहेत. पुढे एक वाक्य: काही साधनं तीन दिवस सांगतात, लोकांच्या बोलण्यात चार दिवस आहेत. त्यातल्या चारच्या बाजूला 'संदर्भ हवा' लावलंय. खातेवाला नाराज आहे, काकाही. ११ मेपर्यंत मोजलं तर तीन, मार्शल लॉचा दिवस धरला तर चार. भांडणाचं मूळ बहुधा एवढंच असावं, पण तेही मी लेखात लिहू शकत नाही, कारण तो माझा तर्क झाला.

काकांना वहीची पानं नीट स्कॅन करून दिली आहेत. एखाद्या इतिहास संशोधकानं ती वाचून कुठे छापली तर तो लेख संदर्भ म्हणून देता येईल. दर १२ जानेवारीला हुतात्म्यांचे फोटो फॉरवर्ड करणारं आपलं गाव आहे. त्यातल्या कुणाच्या घरी मे १९३० चे वर्तमानपत्रांचे अंक किंवा मार्शल लॉचे छापील हुकूम असतील, तर अंकाचं नाव, तारीख आणि पान क्रमांक लेखाच्या चर्चा पानावर लिहा. खातं नसलं तरी चालतं. मोबाइल नंबर मात्र टाकू नका.