पायवरचा १०२०: नेटवर्क जुळलं, मग फर्मवेअरने अडवलं

बाबांच्या डेस्कटॉपवरून काढून एचपीचा लेझरजेट १०२० प्रिंटर रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरला जोडला, इथवर मागच्या लेखात आलं होतं. डेस्कटॉप चालू असेल तरच घरात प्रिंट मिळणार, ही कटकट संपली. पायवर कप्स, म्हणजे लिनक्सवर प्रिंटची कामं सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसलं. ते मुळात फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतं, म्हणून शेअरिंगही चालू केलं. आतल्या खोलीत माझ्या लॅपटॉपला प्रिंटर लगेच दिसला, हॉलमध्ये बाबांच्या फोनला काही केल्या दिसेना. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. मेंटेनन्सची नोटीस, सभेचं इतिवृत्त, सगळं त्यांच्याच फोनवरून निघायचं असतं.

अशा वेळी बरेच जण आधी ड्रायव्हर काढून परत टाकतात. मी आधी पिंग करून, म्हणजे एका यंत्राची हाक दुसऱ्यापर्यंत पोचते का ते, बघते. फोनवरून पायला पिंगच पोचत नव्हता, म्हणजे ड्रायव्हरचा संबंधच नाही. पत्ते पाहिले: फोन १९२.१६८.१ वाल्या नेटवर्कात, लॅपटॉप आणि पाय १९२.१६८.० वाल्या. हॉलमध्ये फायबर इंटरनेटवाल्यांचा डबा, म्हणजे पहिला राउटर, आहे. आमच्या मुलुंडच्या इमारतीत त्याचं वायफाय दोन भिंतींपलीकडे जात नाही, म्हणून आत दुसरा राउटर आहे आणि तो स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवत होता. प्रिंटर शोधताना फोन २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (एकाच वेळी सगळ्यांना हाक मारायच्या) पत्त्यावर, पोर्ट ५३५३ वर विचारणा करतो. ती राउटर ओलांडत नाही. मुंबईतल्या निम्म्या घरांत डब्यामागे दुसरा राउटर असाच लावलेला असेल, असा माझा अंदाज.

उपाय सोपा. आतल्या राउटरचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद केला, डब्याकडून येणारी केबल वॅन (बाहेरच्या नेटवर्कच्या) पोर्टातून काढून लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टात लावली. आता तो नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट, डब्याचंच नेटवर्क वायफायने पुढे नेणारा. पायचा पत्ता डब्यात रिझर्व्ह, म्हणजे कायमचा राखून, ठेवला, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि विंडोज जुन्याच पत्त्यावर ‘ऑफलाइन’ म्हणत बसतं. लॅपटॉपवर पायच्या पत्त्याने, ६३१ पोर्टवर आयपीपीचा (नेटवर्कवरून छापायच्या पद्धतीचा) प्रिंटर जोडला. बाबांच्या फोनवर तो आपोआप आला. मावशीच्या आयफोनवरही आला. आयफोनच्या एअरप्रिंटसाठी ‘इथे प्रिंटर आहे’ अशी जाहिरात लागते, ती पायवरचं अवाही हे सॉफ्टवेअर करतंच.

नोटीस निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र काहीच निघेना.

खरी गंमत इथे आहे. कप्सच्या पानावर काम ‘कंप्लीटेड’, रांग रिकामी, एरर नाही. प्रिंटरचा हिरवा दिवा चालू, ट्रेतला कागद जागचा हललेला नाही. बाबा हॉलमधून, “अगं, निघालं का?”

रात्री झोपताना बाबांनी नेहमीप्रमाणे प्रिंटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. १०२० मध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरला स्वतः चालायला लागणारं सॉफ्टवेअर, कायमचं राहत नाही. दर वेळी चालू झाला की कॉम्प्युटरने ते पाठवायचं असतं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो, म्हणून इतकी वर्षं कळलं नव्हतं. पाय मात्र फर्मवेअर नसलेल्या प्रिंटरलाही डेटा देऊन मोकळा होतो. मी फर्मवेअरची फाइल हाताने पाठवली. क्षणभर काही नाही, मग पोटात घर्रर्र करून मोटर फिरली, रोलर एकदा हलला. त्यानंतर दिलेलं पान लगेच बाहेर.

आता पायवर यूडेव्हचा (जोडलेलं यंत्र ओळखणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लावला आहे: यूएसबीवर १०२० दिसला की फूटूझेडजेएस या ड्रायव्हरची स्क्रिप्ट फर्मवेअर ढकलते. बटण बंद-चालू करून पाहिलं, प्रत्येक वेळी घर्रर्र ऐकू येते. ती ऐकू आली नाही तर कप्सचं ‘कंप्लीटेड’ खरं मानू नका. सोबत कप्सची एरर पॉलिसी (काम अडलं तर काय करायचं ते) ‘स्टॉप-प्रिंटर’ वरून ‘रिट्राय-जॉब’ वर नेली, म्हणजे मध्येच बटण बंद झालं तरी रांग पॉज होऊन बसणार नाही.

जाता जाता: पावसाळ्यात १०२०चा दीडशे कागदांचा उघडा ट्रे भरून ठेवू नका. कागद दमट होऊन वाकतो, दोन-दोन एकदम ओढले जातात आणि दोष उगाच रिफिल केलेल्या १२ए टोनर कार्ट्रिजला. मी वीस-पंचवीसच ठेवते, बाकीचं रीम प्लास्टिकच्या पिशवीत.

आता बाबांना इतिवृत्त पाठपोट हवं आहे. १०२० पान स्वतः उलटत नाही, म्हणून आधी विषम पानं, मग गठ्ठा फिरवून सम. त्यासाठी कप्समध्ये दोन वेगळ्या रांगा करून बघते आहे. गठ्ठा कोणत्या बाजूने घालायचा, ते ट्रेवर मार्करने लिहून ठेवावं लागेल.