जागा खाल्ली कोणी?

डिस्क भरत आली की बहुतेकांचा हात आधी फोटोंवर पडतो. आपण काय ठेवलं ते आपल्याला आठवतं, म्हणून संशयही त्याच्यावरच. दोन-चार हललेले फोटो उडतात, कुठलंसं जुनं पीडीएफ जातं, आणि लाल पट्टी तसूभरही मागे सरकत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! चार-पाच एमबीचा एक, असे हजार फोटो पुसावेत तेव्हा कुठे चार-पाच जीबी सुटतात. आणि तिकडे एकच फाइल, जिचं नावही आपण कधी ऐकलेलं नसतं, त्याच्या कितीतरी पट जागा अडवून बसलेली असते.

दुखणं जुनंच आहे. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीतही त्यासाठी डीएफ आणि डीयू अशा दोन आज्ञा होत्या. आज तिच्याच वळणाच्या लिनक्सवर त्याच चालतात. डीएफ फाइल सिस्टीमला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला, एकच प्रश्न विचारते, किती भरली नि किती उरली, आणि क्षणात उत्तर आणते. डीयू मात्र एकेका फोल्डरात शिरून फाइल न् फाइल मोजत सुटते. तिला वेळ लागतो, पण कोणी खाल्लं ते तीच सांगते.

१९९० साली मेरीलँड विद्यापीठातल्या बेन श्नायडरमन यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची हार्ड डिस्क, वापरणारे १४ जण, आणि ती सारखी भरायची. जागा कुणाकडे गेली हे एका नजरेत दिसावं म्हणून त्यांनी पडद्याचे लहानमोठे चौकोन पाडले: जेवढी फाइल मोठी, तेवढा चौकोन मोठा. तो ट्रीमॅप. विंडोजवर डिस्क तपासणारा विनडिरस्टॅट हा प्रोग्रॅम उघडल्यावर दिसणारी ती रंगीत फरसबंदी त्यातूनच आलेली. चित्र देखणं असतं यात वाद नाही, पण मला आपली उतरत्या क्रमाची साधी यादी बरी वाटते. सगळ्यात मोठ्या फोल्डरात शिरायचं, त्यातल्या सगळ्यात मोठ्यात पुन्हा शिरायचं. लिनक्सवरचा एनसीडीयू हा प्रोग्रॅम हेच करू देतो, आणि बहुधा चार-पाच पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो.

सापडतो तो बहुधा आपण ठेवलेला नसतोच. विंडोजवर हायबरनेशनची फाइल असते: संगणक वीज न खाता झोपला तरी उघडी कामं जिथल्या तिथे सापडावीत, म्हणून मेमरीतला मजकूर ठेवायला आधीच अडवलेली जागा. रॅम जितकी जास्त, तितकी ती फाइल मोठी. नवी आवृत्ती बसल्यावर, न जाणो परत फिरावं लागलं तर, म्हणून जुनी आवृत्ती काही दिवस सांभाळलेली असते. ब्राउझरची कॅश, म्हणजे पुन्हा लागतील म्हणून साठवलेले पानांचे तुकडे, फोनचे बॅकअप, पुढेमागे चौकशी झालीच तर असाव्यात म्हणून लिहिलेल्या लॉग फाइली. हौसेपेक्षा काळजीच जास्त जागा खाते, आणि ती यंत्राने आपल्या वतीने, न विचारता घेतलेली असते. तरी मला त्याचा राग येत नाही. यातली एखादी फाइल नेमक्या वेळी नसली, तर आपणच बोंब मारतो.

खरी मजा येते ती दोन्ही आज्ञांचा हिशेब जुळत नाही तेव्हा. डीएफ म्हणते डिस्क तुडुंब, डीयूची बेरीज जेमतेम अर्धी. अशा वेळी खोटं कुणीच बोलत नसतं. चालू प्रोग्रॅमने उघडून धरलेली भलीमोठी लॉग फाइल कुणीतरी पुसलेली असते. यादीतून तिचं नाव गेलं, म्हणून डीयूला ती दिसत नाही. पण प्रोग्रॅमने ती सोडलेली नाही, म्हणून जागाही सुटलेली नाही. उलट त्यात लिहिणं चालूच राहतं आणि नाव नसलेली ती फाइल फुगत जाते. एलएसओएफला, म्हणजे उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेला, विचारलं की धरून बसलेल्याचं नाव कळतं. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करायचा, जागा लगेच मोकळी. अशी लॉग पुसण्याऐवजी रिकामी करावी, हे त्यातलं शहाणपण. कधी तर जागा असूनही ‘जागा नाही’ असं उत्तर येतं, कारण बारीकबारीक लाखो फाइलींनी आयनोड, म्हणजे दर फाइलीमागे एक लागणाऱ्या नोंदीच्या जागा, संपवलेले असतात. तिथे जीबी मोजत बसण्यात अर्थ नसतो.

आणि सगळं मोजूनही थोडं कमी भरतंच. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टीममध्ये मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य वापरकर्त्यासाठी, राखीव असते. ४ टीबीच्या डिस्कवर म्हणजे सुमारे २०० जीबी. नुसता साठा ठेवायच्या डिस्कवर ही उधळपट्टीच. तिथे मी तो आकडा बेधडक १ टक्क्यावर आणतो. सिस्टीमच्या डिस्कवर मात्र हात लावत नाही. बाकी सगळ्यांची जागा संपल्यावर साफसफाईला येणार असतो तो रूटच, आणि त्यालाही कामाला थोडी जागा लागते.