लहान करता न येणाऱ्या गोष्टी

मॉडेल रेल्वेच्या छंदातील बहुतेक मापे एका साध्या भागाकारातून निघतात. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ या प्रमाणात खऱ्या गाडीची प्रत्येक लांबी ८७ ने भागली जाते, त्यामुळे २४ मीटरचा प्रवासी डबा साडेसत्तावीस सेंटीमीटरचा होतो आणि फलाटावरचा माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा उरतो. मात्र लांबी ८७ ने भागली की क्षेत्रफळ ७,५६९ ने आणि घनफळ तब्बल ६,५८,५०३ ने भागले जाते. मला या छंदाची खरी गोडी लागली ती या तीन आकड्यांमधल्या तफावतीमुळे. वजन, जडत्व, उष्णता आणि वेळ या गोष्टी लांबीच्या हिशेबाने लहान होत नाहीत, आणि त्यांचे काय करायचे हे प्रत्येक मॉडेल बनवणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते.

वजनाचेच पाहा. शंभर टनांचे वाफेचे इंजिन घनफळाच्या हिशेबाने लहान केले तर त्याचे वजन सुमारे १५२ ग्रॅम भरेल. एवढ्या हलक्या इंजिनाला चढावर लांब गाडी ओढता येत नाही, म्हणून चांगल्या मॉडेलचा सांगाडा धातूचा असतो आणि उरलेल्या पोकळीत आणखी भार बसवलेला असतो. जडत्वाचा प्रश्न याहून अवघड आहे. खऱ्या इंजिनाचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, बंद केल्यावरही मागच्या शेकडो टनांच्या ओघाने गाडी दूरवर धावत राहते. मॉडेलचा विद्युतप्रवाह तोडला की ते जागच्या जागी थबकते. मोटारीच्या दांड्यावर पितळेचे छोटे जडचक्र बसवल्याने थोडा फरक पडतो, पण खरा बदल घडवला तो डीसीसी या डिजिटल नियंत्रणपद्धतीने. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले हे मानक अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात स्वीकारले. यात रुळांमधून वीज आणि आज्ञा दोन्ही जातात, आणि प्रत्येक इंजिनातील डिकोडर फक्त आपल्या क्रमांकाची आज्ञा ऐकतो. त्याच्या सीव्ही ३ आणि सीव्ही ४ या दोन मूल्यांत वेग वाढण्याचा आणि कमी होण्याचा दर साठवलेला असतो. ही मूल्ये वाढवली की इंजिन आपल्या आज्ञेला लगेच प्रतिसाद देत नाही, आणि थांबायच्या जागेच्या बरेच आधी विचार करणे भाग पडते. खऱ्या चालकाच्या कामातील निदान हा एक भाग तरी आपल्या हातात येतो, आणि माझ्या मते नुसत्या हुबेहूब रंगकामापेक्षा त्याचे मोल जास्त आहे.

वेगाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी एचओ प्रमाणात सेकंदाला साधारण पंचवीस सेंटीमीटर पुढे सरकली पाहिजे. ताशी पाच किलोमीटरने शंटिंग करणारे इंजिन सेकंदाला फक्त दीड सेंटीमीटरच्या आसपास. प्रदर्शनांत गाड्या याच्या कितीतरी पट वेगाने पळताना दिसतात, आणि त्यामुळे उत्तम कारागिरीचे मॉडेलही खेळण्यासारखे वाटू लागते. सेकंदाला दीड सेंटीमीटरने न अडखळता चालणारे इंजिन तयार करणे ही मी या छंदातील सर्वांत मोठी परीक्षा मानतो. त्यासाठी शक्य तितक्या चाकांतून वीज घेतली गेली पाहिजे, रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून स्वच्छ ठेवले पाहिजेत, आणि सांध्याच्या, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागेच्या, मधोमध जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा प्लॅस्टिकचा न ठेवता धातूचा ठेवून, सांधा ज्या बाजूला वळवलेला असेल त्या बाजूच्या रुळाची वीज त्याला दिली पाहिजे. आखूड इंजिने थांबतात ती बहुधा याच तुकड्यावर.

वळणांच्या बाबतीत मात्र बहुतेकांना तडजोड करावीच लागते. मुख्य मार्गावरचे ३०० मीटर त्रिज्येचे वळण खरे तर बरेच तीव्र समजले पाहिजे, आणि तरीही एचओमध्ये ते जवळजवळ साडेतीन मीटर त्रिज्येचे होते. तयार रुळांच्या संचात येणारी सर्वांत लहान वळणे असतात ३६० मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या जगातील अवघ्या ३१ मीटरची. या अडचणीतून काही विलक्षण उपाय निघाले आहेत. अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी १९४१ ते १९४४ या काळात बांधलेल्या २५ ‘बिग बॉय’ इंजिनांना बॉयलरखाली चाकांचे दोन संच होते. त्यांतील मागचा संच बॉयलरला पक्का जोडलेला असे आणि फक्त पुढचा वळणावर बाजूला सरके. टेंडरसह, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यासह, चाळीस मीटर लांबीचे हे इंजिन लहान केल्यावरही साडेसेहेचाळीस सेंटीमीटर भरते, म्हणून त्याच्या अनेक मॉडेलांत दोन्ही संच वळणारे केलेले असतात. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे चूक आहे, पण त्यामुळे ते घरातील वळणावरून जाऊ शकते, आणि मला ही तडजोड पूर्णपणे योग्य वाटते.

ब्रिटिश ओओ प्रमाणातली तडजोड मात्र मला कधीच पटली नाही. ब्रिटनमधील इंजिने युरोपातील इंजिनांपेक्षा अंगाने लहान असल्यामुळे त्या काळच्या मोटारी त्यांच्या एचओ आकारात मावत नसत. म्हणून इंजिन-डब्यांचे प्रमाण वाढवून १:७६ करण्यात आले, पण रूळ एचओचेच, १६.५ मिलिमीटर अंतराचे राहिले. अचूक अंतर १८.८३ मिलिमीटर हवे होते. समोरून पाहिले की चाके इंजिनाच्या पोटाखाली आत ओढल्यासारखी दिसतात, आणि एकदा ते लक्षात आले की नजरेआड करता येत नाही. काही चिकाटीचे लोक प्रत्येक चाक आणि प्रत्येक सांधा नव्याने बनवून अचूक १८.८३ मिलिमीटरवर काम करतात, आणि त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे.

वाफेच्या इंजिनाचे मॉडेल करताना मापांपेक्षाही मोठा प्रश्न येतो, कारण वाफेचे इंजिन ही स्वतःचा श्वास स्वतः नियंत्रित करणारी वस्तू आहे. १८२९ मध्ये इंग्लंडमधील रेनहिल येथे झालेल्या इंजिनांच्या चाचण्या जिंकणाऱ्या स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या: आगीचे वायू एका मोठ्या नळीऐवजी २५ तांब्याच्या नळ्यांमधून पाण्यातून नेणारा बॉयलर, आणि सिलिंडरमधील वापरलेली वाफ धुराड्यात वर सोडून भट्टीतून हवा खेचून घेणारी रचना. चढावर इंजिन जितके जास्त कष्ट करते तितकी जास्त वाफ धुराड्यातून बाहेर पडते, तितकी हवा भट्टीत अधिक खेचली जाते, आणि आग नेमकी गरज असते तेव्हाच भडकते. पुढच्या शतकभरातील बहुतेक सर्व इंजिने याच तत्त्वावर चालली.

त्या धुराड्यातून येणारा आवाजही याच यंत्रणेचा भाग आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफ चार वेळा बाहेर पडते, तीन सिलिंडरच्या इंजिनात सहा वेळा. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा, म्हणजे २०३ किलोमीटरचा विक्रम करणारे ब्रिटिश अभियंते ग्रेस्ली यांचे ‘मॅलार्ड’ तीन सिलिंडरचे आहे. ग्रेस्लींनी मधल्या सिलिंडरच्या झडपेची हालचाल बाहेरच्या दोन झडपांच्या हालचालींतून तरफांच्या साहाय्याने मिळवली होती, आणि ते सांधे झिजले की सहा ठोक्यांची लय बिघडत असे. जाणकार मंडळी डोळे मिटूनही ही इंजिने ओळखत. ध्वनी देणारा डिकोडर बसवताना म्हणूनच मी ठोके आधी मोजतो. चाकाच्या फेऱ्याशी न जुळणारा आवाज असण्यापेक्षा आवाज नसलेला बरा.

डोळ्यांना सर्वांत जास्त गुंतवणारा भाग म्हणजे चाकांबाहेर दिसणारी झडपांची दांडेरचना. बेल्जियमचे एजिद वालशार्ट्स यांनी १८४४ मध्ये शोधलेल्या रचनेत झडपेला दोन हालचालींची बेरीज मिळते: एक पिस्टनच्या दांड्याच्या टोकाकडून, दुसरी चाकावरच्या उलट्या क्रँकपासून एका वक्र खाचेच्या तुकड्यामार्फत. त्या खाचेत दांडा खाली-वर सरकवून चालक दिशा बदलतो आणि पिस्टनच्या धावेच्या कितव्या भागापर्यंत वाफ आत सोडायची हेही ठरवतो. सुटताना हा भाग सुमारे तीन चतुर्थांश असतो. वेग आल्यावर तो बराच कमी करून आत कोंडलेल्या वाफेच्या प्रसरणावर काम भागवले जाते. बहुतेक विजेच्या मॉडेलांत हा दांडा कायमचा एका जागी अडकवलेला असतो आणि बाकीचे भाग केवळ दिसायला हलतात. तरीही एखाद्या मॉडेलमध्ये तो खाचेच्या मध्यापासून योग्य बाजूला बसवलेला दिसला, की ते करणाऱ्याने खरे इंजिन समजून घेतले आहे हे कळते.

ज्यांना हेही पुरेसे वाटत नाही ते पाच इंच किंवा सव्वासात इंच रुळांवर खऱ्या कोळशाच्या आणि खऱ्या वाफेच्या इंजिनांकडे वळतात, आणि तिथे भागाकार सपशेल निरुपयोगी ठरतो. बॉयलर लहान केला की त्याच्या घनफळाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो, म्हणून तो उष्णता लवकर गमावतो. नळ्यांची संख्या तेवढीच ठेवून प्रत्येक नळी प्रमाणात बारीक केली तर ती काजळीने तुंबेल, म्हणून नळ्या कमी आणि तुलनेने मोठ्या ठेवाव्या लागतात. भट्टी ओंजळभर असल्यामुळे आग क्षणभराच्या दुर्लक्षानेही विझू लागते. मोठ्या इंजिनाचे पत्रे असमान तापून त्यांवर ताण येऊ नये म्हणून त्याची आग कित्येक तास आधी पेटवून हळूहळू वाढवतात. छोट्या इंजिनात धुराड्यावर विजेचा पंखा बसवून वाफ फार लवकर तयार होते. तरी दाबमापक, पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि सुरक्षा झडप यांकडे दोन्हींत सारखेच लक्ष ठेवावे लागते. बॉयलरची ठरावीक मुदतीने होणारी दाबचाचणी कोणीही टाळू नये.

खरी मोठी इंजिने आज धावतात तीही मुख्यतः छंदिष्टांच्या बळावर. वेल्समधील टॅलिथलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि जगभरच्या जतनकार्याची ती पहिली पायरी ठरली. ब्रिटनमधील पेपरकॉर्न ए१ वर्गाची सर्व ४९ इंजिने भंगारात गेली होती, तेव्हा उत्साही लोकांनी निधी गोळा करून त्याच वर्गाचे नवे इंजिन, ‘टॉर्नेडो’, उभे केले. ते २००८ मध्ये वाफेवर धावले.

माझी स्वतःची ओढ मात्र छोट्या यार्डाकडे आहे. ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या रचनेत तीनच मार्गिका असतात: एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत प्रत्येकी तीन, आणि इंजिनाच्या बाजूच्या रुळावर इंजिन आणि शिवाय तीन वाघिणी. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या काढून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची, एवढेच काम. पण असे क्रम ६,७२० संभवतात. एका फळीवर मावणारी ही रचना नवख्यालाही करता येते, आणि सुरुवात तिनेच करावी असे मी आग्रहाने सांगतो.

मोठ्या मांडणीवर वेळापत्रकाने गाड्या चालवणारे लोक वेगवान घड्याळ वापरतात. सहापट वेगाने चालवले की पूर्ण दिवसाचे वेळापत्रक चार तासांत बसते. लांबच्या प्रवासी गाड्यांसाठी ही युक्ती उत्तम आहे, कारण स्थानकांमधली अंतरेही तितकीच आखडलेली असतात. शंटिंग करणाऱ्यावर मात्र तिने अन्याय होतो, कारण वाघीण जोडायला आणि सोडायला लागणारा वेळ सहापटीने कमी होत नाही. म्हणून यार्डात मी साधेच घड्याळ ठेवतो, आणि पाचवी वाघीण जागेवर येईपर्यंत त्याच्याकडे पाहत नाही.