शिवणाचा तास

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची परिचारिका आहे, आणि शाळेतल्या सगळ्या विषयांत मला रोज उपयोगी पडतो तो शिवणाचा तास.

बाईंनी टाके नुसते गिरवून घेतले नाहीत. ताण कुठे येणार, ते आधी बघायला लावलं. कापड तात्पुरतं धरायचं तर कच्चा टाका, चुण्यांना धावदोरा, काखेत उलटी टीप. हातशिलाई करताना सुईने कापडाचा एखाद-दुसराच धागा उचलायचा, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही. एकदा त्यांनी जांभळी नाक्यावरून गव्हाच्या पोत्याचं शिवलेलं तोंड कापून आणलं होतं. साखळी टाक्याचं नेमकं टोक सोडवून ओढलं आणि अख्खी शिवण सरसर निघाली! मग मशीनची टीप दाखवली. तिथे सुईचा आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा, दोरा कापडाच्या आत एकमेकांत अडकतो, म्हणून ती अशी सुटत नाही. अशा मशीनचं पेटंट अमेरिकेत एलायस हाव यांनी 1846 साली घेतलं, हेही त्यांनीच सांगितलं.

स्टेशनबाहेर चपलेला आपण ‘दोन टाके घाला’ म्हणतो, कॉलेजची पोरं कुणाचं जुळलं की ‘टाका भिडला’ म्हणतात. आमच्याकडे नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, ‘सिस्टर, किती टाके पडले?’ खरं तर आकड्यापेक्षा टाका कसा घातलाय, ते महत्त्वाचं. सुट्या टाक्यांत प्रत्येकाची गाठ वेगळी. एक तुटला तरी बाकीचे जखम धरून ठेवतात, आणि पू झालाच तर तेवढाच काढून वाट करून देता येते. सलग टाका लवकर होतो, ताणही सारखा वाटला जातो, पण दोरा एका जागी तुटला की सगळंच सैल पडू शकतं. फार आवळला तर कडांचा रक्तपुरवठा अडतो. ‘आवळू नकोस गं, चुणी पडेल,’ हे बाईंचं वाक्य मी नव्या मुलींना जसंच्या तसं सांगते. चेहऱ्यावरचे टाके साधारण 5 दिवसांत निघतात. गुडघा सतत वाकतो, म्हणून तिथे 10 ते 14 दिवस थांबावं लागतं. इथेही प्रश्न ताणाचाच.

शिवणाचा तास आता वेळापत्रकात नाही, असं कळलं. शाळेच्या या महोत्सवी वर्षात तो पुन्हा सुरू व्हावा, मुलींसाठी आणि मुलांसाठीही. शनिवारची सकाळ मी देईन. सुया, रिळं आणि सरावाला जुन्या चादरी माझ्याकडून.